संध्याचा मास्क

मंठाळची संध्या कलबुर्गीत नर्स होती. मालवणला ती स्कूबा डायव्हिंग शिकली आणि स्वतःचा पहिला मास्क घ्यायला वडिलांसोबत तिथल्याच दुकानात गेली.

दुकानदारानं गुलाबी मास्क काढला. "ताई, बायका हाच नेतात."

संध्यानं पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवला आणि नाकानं श्वास ओढला. मास्क गळून पडला.

"ह्यात पाणी शिरंल. तो काळा द्या."

"तो पुरुषांचा आहे."

"असू द्या. तोंड माझं हाय."

काळा मास्क घट्ट चिकटला.

"कामून घ्यायलीस? मंठाळात समुद्र कुठंय?" वडील कुरकुरले.

"समुद्र येत न्हाई, अप्पा. मीच जायले की!"

दुसऱ्या दिवशी ती खोल उतरली. मास्कात थेंबही शिरला नाही.