फरच्या झाडाखालची बाई

मित्रांनो, मी ड्रेस्डेनमधलं एक जुनं निसर्गचित्र आहे. माझ्यात धुकं आहे, एल्ब नदीकाठचे खडक आहेत, पण स्वभाव मुळीच शांत नाही. डूख धरण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मला गोटहेल्फ रेडर यांनी रंगवलं. ते रंगाचा पातळ थर देत, तो पुरता वाळू देत आणि मगच पुढचा देत. खडकावर त्यांनी हिरवी शाल पांघरलेली आपली बायको मिना पाठमोरी उभी केली आणि कोपऱ्यात आपलं नाव घातलं. पुढे छातीच्या दुखण्यानं ते गेले.

त्यांचे मित्र प्रोफेसर ब्रेंट्स घरी आले. "वहिनी, हे प्रदर्शनात लावतो. गोटहेल्फचं नाव होईल." मिनाबाईंनी डोळे पुसत मला त्यांच्या हवाली केलं.

आणि या माणसानं काय करावं? मिनाबाईंवर फरचं झाड रंगवलं, रेडर यांच्या नावावर तपकिरी रंग फासला आणि वर आपलं नाव ठोकलं! तेव्हा चित्रकारांना डांबराच्या तपकिरी रंगाचं भारी वेड होतं. त्यानं चित्र भारदस्त दिसे, पण तो रंग धड कधी वाळतच नसे. प्रोफेसरांनी झाडाला आणि नावाला तोच लोण्यासारखा थापला. मी मनात म्हटलं, थाप बाबा, थाप.

प्रदर्शनाला कडाक्याची थंडी होती. मानाची जागा म्हणून प्रोफेसरांनी मला मोठ्या शेगडीच्या वरच टांगून घेतलं. मिनाबाई नवऱ्याचं नाव वाचायला आल्या आणि थिजल्या.

"भाऊजी, हे तर ह्यांचं चित्र!"

"वहिनी, दुःखानं डोकं फिरलंय तुमचं. असे खडक सगळेच रंगवतात."

लोक मिनाबाईंकडे कीव करून पाहू लागले. माझा संताप संताप झाला. शेगडी तापत होती. झाड हळूहळू खाली घसरू लागलं.

"अरे, प्रोफेसरांच्या झाडाला घाम फुटला!" कोणीतरी ओरडलं.

"काही नाही, जरा ओल आली असेल," म्हणत प्रोफेसर रुमालानं खसाखसा पुसू लागले. पुसता पुसता त्यांचंच नाव रुमालावर आलं. खाली रेडर यांचं नाव होतं, टणक आणि स्वच्छ, आणि घसरलेल्या झाडामागून हिरवी शाल दिसू लागली होती.

"हात काढा, भाऊजी," मिनाबाई म्हणाल्या. "ती शाल माझी आहे. आणि नाव माझ्या नवऱ्याचं."

दालन हसून हसून लोटपोट झालं. काय सुख झालं म्हणून सांगू! प्रोफेसर रंगानं बरबटलेल्या हातांनी जिना उतरले.

मित्रांनो, चित्रांना शेगडीपासून लांब ठेवा आणि फडक्यानं पुसू नका. माझ्या कडेला एक तपकिरी ओघळ राहिला आहे. तज्ज्ञ मंडळी तो साफ करायला निघाली आहेत. त्यांना कृपा करून थांबवा. त्या ओघळात प्रोफेसरांच्या नावाचं अर्धं अक्षर अजून दिसतं, आणि पाहणारे हसतात. माझं पोट अजून भरलेलं नाही.