सगळ्यांना वाढलं का?

दगडाबाईचं तोंड फटकळ, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण त्या दिवशी दूध डेअरीवर तिची वाचाच बसली.

झालं असं. कोरोनानं सगळं बंद पडलेलं. मुलगा शहादेव आणि सून ऊसतोडीला गेले ते कारखान्यावरच अडकले. साडेतीन वर्षांची नात मैना म्हातारीच्या पदरात. मागल्या दुष्काळात दोन गाई विकाव्या लागल्या, एक उरली होती. तिचं दूध घालायला दगडाबाई सोसायटीच्या डेअरीत गेली, तर सचिव बिभीषणनं गंमत म्हणून पोरीला दुधाच्या काट्यावर उभं केलं.

"मावशी, धा किलो. अंगणवाडीच्या कार्डावर किती हाय?"

कार्डावर संक्रांतीला अकरा लिहिलं होतं. वाढायच्या वयात पोरगी किलोभर उतरली होती. अंगणवाडीला कुलूप लागल्यापासून तिचं वजन कुणी केलंच नव्हतं.

आता दगडाबाईनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? अंगणवाडीतून घरपोच आलेल्या डाळ-तांदळाची मऊ खिचडी घातली, वर तूप सोडलं. पोरगी ताटापुढं बसायची, दाराकडं बघायची आणि खिचडीचा गोळा होईस्तोवर तशीच राहायची. म्हातारी आधी लाडीगोडी लावायची, मग खेकसायची, "आईवानी हट्टी हायेस." शेवटी चहात बुडवून बिस्कीट द्यायची. भरवशानं सोपवलेलं लेकरू आपल्या हातात वाळतंय, या भीतीनं तिला स्वतःला घास जाईना.

डेअरीवरून ती थेट अंगणवाडीच्या मदतनीस वत्सलाबाईच्या दारात गेली. "वत्सले, तुज्याकडं ही वाटीभर खायची. घरी का खाईना, तूच इचार."

वत्सलाबाईनं लांबूनच विचारलं, "कावून खात न्हाईस गं?"

"बाकीच्यांला कुटं वाढलंय?" मैना म्हणाली.

वत्सलाबाईनं कपाळाला हात लावला. सगळ्यांना वाढून होईपर्यंत घास उचलायचा नाही, ही पंगतीची शिस्त तिनंच लेकरांना लावली होती. पोरगी हट्ट करत नव्हती. रोज ताटापुढं बसून सवंगड्यांची वाट बघत होती. दगडाबाईला आपल्या खेकसण्याची इतकी लाज वाटली की तिनं नातीला तिथंच छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी अकराला गल्लीत थाळी वाजली. वत्सलाबाई तोंडाला पदर बांधून मधोमध, आणि आठ लेकरं आपापल्या उंबऱ्यावर ताट घेऊन.

"सगळ्यांला वाढलं का?" तिनं हाक दिली.

मैनानं एकेका दाराकडं बोट करून खात्री केली आणि घास घेतला. ताट पुसून खाल्लं.

"तुजे उपकार या जल्मी फिटायचे न्हाईत," दगडाबाई म्हणाली. त्या दिवसापासून गाईचं दूध आधी आठ पेल्यांत जायचं, उरलेलं डेअरीला. बिभीषण मैनाला अधूनमधून दुधाच्या काट्यावर उभं करायचा. तीन आठवड्यांत काटा साडेदहाच्या पुढं सरकला.

मग शहादेव आणि सून परतले. गावानं त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं. अकराला थाळी तिथंच वाजली. मैना फाटकाबाहेर बसली, ताट भरलेलं, भूक लागलेली. तरी ती हात लावीना. वऱ्हांड्यातल्या आईकडं बघत राहिली.

दगडाबाई या खेपेला खेकसली नाही. फाटकाशी जाऊन तिनं सुनेचं ताट भरलं, वर तूप सोडलं, मागं सरली. सुनेनं ताट उचलून नेलं.

"वाढलं गं तुज्या आईला," म्हातारी म्हणाली. "आता खा."