मिक्सरचे दोन स्क्रू

कुठलंही यंत्र उघडलं की आधी त्याचा फोटो काढायचा, ही आमच्या ह्यांची जुनी खोड. शेजारच्या देशात ते लिफ्ट दुरुस्तीला गेले आणि तीच खोड अंगाशी आली. सीमेवर गोळीबार सुरू झाला, त्याच आठवड्यात पोलिसांनी ह्यांना एका सरकारी इमारतीतून कामावरच उचललं. मोबाइलमध्ये तिथल्या वायरिंगचे फोटो निघाले, आणि सगळे माझ्या दिरांना पाठवलेले. भाऊजीही त्याच धंद्यातले. अडलं की हे त्यांनाच विचारायचे.

इकडे गल्लीत सल्ल्यांना ऊत आला. फोन आलाच तर सरळ कानावर हात ठेवा, म्हणे. भाऊजींनी घाबरून फोटो पुसूनसुद्धा टाकले, मला न विचारता.

शेवटी भाऊजींच्या मोबाइलवर फोन आला. स्पीकरवर तिकडचा दुभाषी, मागे पोलीस साहेबाचा आवाज. फोटो मिळाले होते का, एवढंच त्याने विचारलं.

"कसले फोटो? मला काही आलेलं नाही," भाऊजी म्हणाले.

पलीकडून ह्यांचा हळूच "अरे..." ऐकू आला. पाठवलेले फोटो तिकडे ह्यांच्या मोबाइलवर दिसतच होते. भाऊ लपवतोय म्हटल्यावर पोलीस ह्यांना हेरच समजणार होते.

मी फोन हिसकावला. दीर भीतीपोटी खोटं बोलले, फोटो आले होते, हे आधी सांगून टाकलं. म्हटलं, त्याच मोबाइलमध्ये मागे जाऊन बघा. आमचा मिक्सर सापडेल, पंखा सापडेल, लेकीची सायकल सापडेल, सगळं खोललेलं.

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मला सगळ्यांचाच राग येत होता, त्या दोन देशांचासुद्धा.

मग दुभाष्याने साहेबाचा प्रश्न सांगितला: मिक्सर नंतर चालला का?

भाऊजी हो म्हण, हो म्हण अशा खुणा करत होते. पण एक खोटं आधीच नडलं होतं.

"नाही चालला," मी म्हणाले. "दोन स्क्रू उरले. अजून डब्यात आहेत."

तिकडे बराच वेळ कुजबुज चालली.

"बाई," दुभाषी म्हणाला, "तुम्हाला विचारण्याआधी साहेबांनी हे तुमच्या मिस्टरांकडून लिहून घेतलं होतं. त्यांनीही दोन स्क्रूच लिहिलेत. साहेब सुटकेचे कागद करतायत."

घरात इतकी वर्षं हे स्क्रूंचं कबूलच करत नव्हते; म्हणायचे, मिक्सर मुळातच खराब होता. मी तिथेच रडायला लागले.