चष्म्याची दोरी

मेन स्विचवर हात ठेवून लिफ्टचा मेकॅनिक थबकला. फोनवर मेहुण्याची हिरवी खूण आली होती: खड्डा मोकळा. म्हणजे बारा मजले खाली, लिफ्टच्या खड्ड्यात आता कोणी नाही. वीज खुशाल चालू करावी. पण आत्ताच खालून लोखंडावर पाना आपटला, की आपलेच कान वाजले?

पूर्वी हे दोघे लिफ्टच्या पोकळीत तोंड घालून बोंबलायचे. "मोकळं?" "मोकळं!" रहिवाशांनी तक्रार केली, कंपनीने ॲप दिलं, आणि पंधरा वर्षांचा आरडाओरडा एका बोटावर आला. ॲपला मात्र भारी घाई. खुणेनंतर दोन मिनिटांत वीज आली नाही की लाल शेरा. मेकॅनिकला असे शेरे रोज मिळत, कारण खूण वाचायला चष्मा लागे आणि चष्मा कधी जागेवर नसे. शेवटी वैतागून बायकोने आज सकाळी त्याला दोरी बांधून गळ्यात अडकवला होता.

त्याने मेहुण्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बाहेर उभ्या माणसाचा फोन न लागायला काय धाड भरली होती? वाकून हाक मारली, तर खाली पाण्याचा पंप घरघरत होता.

स्विचला कुलूप घालून तो दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरू लागला. सातव्या मजल्यावर फोन थरथरला: लाल शेरा. "मर मेल्या," तो फोनला म्हणाला. काही झालं असतं तर बायकोला काय तोंड दाखवलं असतं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मेहुणा खड्ड्यातच होता. सुटलेलं पोट सावरत स्प्रिंगला ग्रीस लावत होता.

"अरे शहाण्या, आत बसून मोकळं म्हणून कसं कळवलंस?"

"इथं नेटवर्क कुठंय, भाऊजी? उतरायच्या आधीच खूण देऊन टाकतो. तीन महिने असंच चाललंय."

"आणि मी वीज चालू केली असती तर?"

"लगेच थोडीच करता तुम्ही!" मेहुणा हसला. "तुम्हाला चष्मा सापडेपर्यंत मी बाहेर आलेला असतो."

मेकॅनिक तिथेच पायरीवर बसला. त्याचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला.