न धुतलेले डबे

मी अकरावीत शाळा सोडली तेव्हा आईने अट घातली. डब्यांचं काम तीन महिन्यांत चाललं तर ठीक, नाहीतर परत ॲडमिशन; फॉर्म तिने आणूनच ठेवला. दोन महिन्यांत तीसपैकी अकरा मुलांनी डबा बंद केला.

डबे दिल्लीतल्या राजेंद्र नगरला जातात, यूपीएससी करणाऱ्या मराठी मुलांना. स्वयंपाक आईचा, म्हणजे मुलांच्या काकूंचा, पोचवणं माझं. ‘काकूंची भाकरी’ हे ॲप अतुलदादाचं, माझ्या आत्येभावाचं. तो फरीदाबादला नोकरी करतो. त्याचं सगळं स्टार्टअपवाल्यांच्या ‘लीन’ पद्धतीचं: छोटा बदल करायचा, लोकांना विचारायचं, मग पुढचं. विचारायला त्याने एआय लावला होता. हा एआय रोज मुलांचे मेसेज वाचायचा आणि सांगायचा, ग्राहक खूश आहेत, बदल नको.

खूश आहेत तर पळतात कशाला, म्हणून मी दादावर भडकले. तो म्हणाला, चिडू नको, डेटा बघ.

मग मी डब्यांकडे बघितलं. रोज घासूनपुसून चकचकीत परत येतात. दुसऱ्याचा डबा उष्टा परत द्यायचा नाही, हे प्रत्येकाला घरून शिकवलेलं. आणि काकूंच्या जेवणाला नावं ठेवणारा मेसेज कोण लिहिणार? एआयला बिचाऱ्याला काय कळणार.

मी मुलांना सांगितलं, एक आठवडा डबे धुवायचे नाहीत. लातूरचा धीरज लाजून अर्धा झाला.

“उष्टा डबा काकूंना कसा पाठवू यार?”

“काकू नाही बघणार. मी बघते.”

रोज प्रत्येक डब्याचा फोटो काढला. एआयला म्हटलं, कुणाला काही विचारू नको, उरलंय काय ते सांग. सातव्या दिवशी उत्तर आलं. भाजी साफ. एकोणीसपैकी चौदा डब्यांत भाकरी तशीच.

दादा म्हणाला, मामीला तूच सांग. मी तोंड उघडायच्या आधीच आईने एक डबा उघडला. भाकरी उचलली, मोडली. कट्कन आवाज झाला.

“दोन महिने पोरं हे खात होती?”

“खात नव्हती,” मी म्हटलं.

सोमवारी आईने पोळ्यांसाठी गव्हाची कणीक मळली. भाकरी फक्त रविवारी, ज्यांना हवी त्यांनी येऊन गरम खायची.

महिनाअखेर सात जण परत आले. ॲपचं नाव बदलायचं राहिलंय. ॲडमिशनचा फॉर्म आईने फाडला नाही, डब्यांच्या फळीवर अंथरलाय.