खालचा तुकडा

कुशलचा रिपोर्ट मी कॅन्टीनमध्ये उघडला आणि दुसऱ्याच पानावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानावर फोटो होता, आमच्या मोडलेल्या शाफ्टचा. जिथे तो मोडला ते तोंड इतकं चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा.

मोडलेलं लोखंड असं चकाकत नाही. हे कळायला पीएचडी लागत नाही, दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मोडलेल्या तोंडाला हात लावायचा नाही, पुसायचं नाही, घासायचं नाही, कारण ते का मोडलं हे तिथंच बघायला मिळतं. पालघरच्या कॉलेजात हा धडा झाला तेव्हा मी आणि कुशल एकाच बाकावर होतो. त्याला हे माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

झालं होतं असं. तारापूर एमआयडीसीत आमची केमिकल कंपनी आहे, मी तिथे मेंटेनन्स इंजिनिअर. आमचा एक रिॲक्टर आहे, म्हणजे खोलीएवढं बंद पातेलं. त्यात माल ढवळायला वरच्या मोटरला जोडलेली जाड दांडी असते, तो शाफ्ट. तो चालू बॅचमध्ये मोडला. वरचा तुकडा मोटरला लटकत राहिला, खालचा पात्यांसकट आत पडला आणि बॅच वाया गेली. ड्युटीवर गोमा होता. गोमा विक्रमगडकडचा, सालवडला खोली घेऊन राहतो, बायकोपोरं तिथंच. प्लांट हेड भावेश सरांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं, की माल घट्ट झाला, गोमाने मोटर बंद केली नाही, जोर आला आणि शाफ्ट मोडला. गोमा सस्पेंड. वरचा तुकडा मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत तपासायला पाठवला. रिपोर्ट आला की चौकशी, आणि चौकशीनंतर गोमा कायमचा घरी.

त्या संस्थेत कुशल पीएचडी करतो. मला वाटलं, चला, ओळखीचा आहे, खरं काय ते लिहील. माझ्याइतकी भाबडी बाई अख्ख्या बोईसरमध्ये सापडायची नाही.

मी वर्कशॉपमध्ये गेले आणि आमच्या फिटरला, देवूला, विचारलं, "तो तुकडा पाठवायच्या आधी कुणी घासला?"

"मी," देवू छाती काढून म्हणाला. "बफिंगच्या चाकावर धरला. मोठ्या कॉलेजात जायचा होता ना मॅडम, मळकट कसा पाठवायचा? आपल्या डिपार्टमेंटची लाज हाय."

त्याला काय बोलणार? कुठलाही पार्ट दुसऱ्याच्या हातात देताना पुसून, तेल लावून द्यायचा ही आमच्याकडची रीत. पोरीला दाखवायला न्यावं तसा त्याने तो नटवून पाठवला. देवूवर मी चिडले नाही. मी चिडले त्याच्यावर, ज्याने असला तुकडा बघूनही परत पाठवला नाही आणि खाली बिनधास्त लिहिलं की अचानक जादा भार आल्याने शाफ्ट मोडल्याची शक्यता आहे.

खालचा तुकडा माझ्याकडे होता. रिॲक्टर रिकामा केला तेव्हा मीच तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, होता तसा कपाटात ठेवला होता. आता तो खिडकीशी नेला. दोन्ही तुकड्यांची तोंडं जोडीची असतात, त्यामुळे वरचं गेलं तरी खालचं शाबूत होतं. शाफ्टवरच्या खाचेच्या कोपऱ्यातून रेषा निघाल्या होत्या, एकीपुढे एक, ओहोटीला वाळूवर राहतात तशा. म्हणजे तडा महिनोन्‌महिने थोडा थोडा पुढे सरकत होता. त्या दिवशी फक्त उरलेलं तेवढं मोडलं. गोमाच्या जागी खुद्द भावेश सर उभे असते तरी मोडलं असतं.

चौकशी सोमवारी होती. संस्थेतर्फे कुशल येणार होता आणि आदल्या दिवशी केळव्याला घरी आला होता. मी स्कूटी काढली आणि थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसले.

त्याची आई, मंगलाकाकू, चहा घेऊन आल्या. "किती दिवसांनी आलीस गो," म्हणाल्या. "आमचा कुशल आता डॉक्टर होतोय. दवाखान्यातला नाय हां, मशीनचा." मी म्हटलं, "हो काकू, मशीनचं पोस्टमॉर्टेम छान करतो." त्या हसत आत गेल्या. कुशल हसला नाही.

"हा फोटो तू काढलास?" मी विचारलं.

"सॅम्पल जसं आलं तसं तपासलं."

"काय तपासलंस? स्वतःचं तोंड दिसतं का ते?"

"हे बघ, पृष्ठभाग वाचता येत नसेल तर उपलब्ध माहितीवरून निष्कर्ष काढतात. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं की ऑपरेटरने भार वाढू दिला. आणि मी शक्यता लिहिलंय, नीट वाच."

"त्या शक्यतेवर माणसाची नोकरी चाललीय."

"ते कंपनीने बघावं. मी रिसर्चमध्ये आहे."

असा राग आला ना, की कप त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. मी विचारलं, त्याने सॅम्पल परत का नाही पाठवलं. तर म्हणे, थिसिसचं टेस्टिंग मशीन आमच्या कंपनीच्या पैशाने आलंय, यंदा सबमिशन आहे. "तुला पहिल्या कॅम्पसला नोकरी लागली," तो म्हणाला. "मी अजून स्टायपेंडवर आहे. भावेश सर बिथरले तर माझी इतकी वर्षं पाण्यात. मग मी कुठे जाऊ, सांग. बाकीच्या बॅचसारखा आयटीत जाऊन लोकांचे पासवर्ड बदलून देऊ?"

"दे. ते काम खोटं तरी नाही."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी मोबाईलवर खालच्या तुकड्याचा फोटो उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने तो मोठा करून बघितला, खूप वेळ बघितला.

"कुणाला दाखवलास?"

"अजून नाही."

"मग दाखवू नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्यासाठी सांगतोय. जोराने मोडला असेल तर गोमा जातो. जुना तडा असेल तर पहिला प्रश्न येईल, मेंटेनन्सने शाफ्ट काढून का तपासला नाही? मेंटेनन्स कोण आहे? तूच ना?"

खरं होतं ते. गोमाने मला आधीच सांगितलं होतं, खालून टकटक आवाज येतोय म्हणून. मी तिथल्या तिथे भावेश सरांना फोन लावला, गोमालाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर, आणि शाफ्ट काढायला दोन दिवस रिॲक्टर बंद मागितला. ते म्हणाले, ऑर्डर गेल्यावर बघू. ऑर्डर जायच्या आधी शाफ्ट गेला.

"मी बंद मागितला होता," मी कुशलला सांगितलं. "गोमाने स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

"बरं," कुशल म्हणाला. "तुझा साक्षीदार गोमा."

आणि मनातलं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. रिपोर्ट आहे तसा राहिला तर मी सुटत होते, आणि कुणाला कळलंही नसतं. त्या बरं वाटण्याची मला इतकी किळस आली की चहा तसाच ठेवून मी उठले.

"मी तुला वाचवतोय, रूपल."

"मला वाचवू नकोस. उद्या तुकडा समोर ठेवीन, तो बघ आणि दिसेल ते बोल. तुमच्या रिसर्चमध्ये एवढंच करायचं असतं ना?"

सोमवारी मीटिंग रूममध्ये भावेश सर, एचआरच्या दिशा मॅडम आणि कुशल बसले होते. कुशलपुढे फोमच्या डब्यात तो नटवलेला तुकडा. गोमा दाराजवळच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. दिशा मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि गोमाला विचारलं, काही सांगायचंय का.

"मोटरचा अँपिअर नेहमीचाच होता, जोर नव्हता आला," गोमा म्हणाला. "माल बी पातलच होता. खालून आवाज येत होता, तो मी सांगितलावता."

"आवाज सगळ्याच मशीनचा येतो," भावेश सर म्हणाले.

मी पिशवीतून तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलाच्या काचेवर काळा ओघळ आला तसं दिशा मॅडमनी कागद मागे ओढले.

"कुशल, दोन्ही जोडून दाखव."

"हा तुकडा आमच्याकडे अधिकृतपणे आलेला नाही."

"म्हणूनच तो घासलेला नाही. जोड."

त्याने जोडले. घासून झिजल्याने तुकडे बसले नाहीत, मधे फट राहिली आणि तिच्यातून पलीकडची ट्यूबलाइट दिसायला लागली. ती बघायला गोमा खुर्चीवरून उठला. भावेश सरांनी त्याला बसायला सांगितलं.

"रिपोर्टवर तुझी सही आहे," मी कुशलला म्हटलं. "हे तोंड बघून अजून तेच म्हणतोस का? हो की नाही?"

कुशलने खिशातून भिंग काढलं. त्याचे कान लाल झाले होते. बघून झाल्यावर तो माझ्याशी बोलला नाही, भावेश सरांशी बोलला.

"जुना तडा आहे. ऑपरेटरचा संबंध नाही. रिपोर्ट मागे घ्यावा लागेल." मग माझ्याकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "असा तडा वेळच्या वेळी शाफ्ट काढून तपासला की दिसतो. ती जबाबदारी मेंटेनन्सची."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसरी सांगताना त्याला फार समाधान वाटत होतं.

भावेश सरांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. "रूपल मॅडम, तपासला होता?"

"त्यासाठीच दोन दिवस बंद मागितला होता तुमच्याकडे. फोनवर."

"लेखी?"

"फोनवर, सर. तुम्ही म्हणालात ऑर्डर गेल्यावर बघू."

"मला असा फोन आठवत नाही."

"गोमादादा तिथंच उभे होते. स्पीकर चालू होता. विचारा त्यांना."

सगळ्यांनी गोमाकडे बघितलं. मी निर्धास्त होते. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो माझ्यासाठी एक वाक्य बोलणार नाही, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. गोमाने भावेश सरांकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

"मला काय म्हाईत नाय," तो म्हणाला.

दिशा मॅडमनी ते लिहून घेतलं. गोमाला दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर यायला सांगितलं आणि मला खुलासा द्यायला. खुलासा मागितला की नोकरी गेली, हे आमच्या कंपनीत पोरासोरांनाही ठाऊक आहे.

मी गेटकडे निघाले तेव्हा कुशल मागून आला. "आमच्या लॅबमध्ये जागा निघतेय," म्हणाला. "तू तुकडा ठेवलास तसा आमच्याकडेही कुणी ठेवत नाही. अर्ज कर, मी गाइडशी बोलतो." मी त्याला म्हटलं, तुझ्या लॅबमध्ये येण्यापेक्षा मी सातपाटीला बोंबील वाळत घालीन. तरी त्याने मोबाईल नंबर तोच आहे ना, ते विचारून घेतलं.

गेटबाहेर गोमा उभा होता. मला टाळून जाईल असं वाटलं होतं, पण तो माझ्यासाठीच थांबला होता. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. त्या बाहेर पडायच्या आत तो बोलला. माफी मागितली नाही की मान खाली घातली नाही.

"तुमाला दुसरी मिलेल, मॅडम," गोमा म्हणाला. "मला नाय मिलायची."