हॉल नऊमध्ये, स्वयंपाकघर दहामध्ये

प्रभागांचा नवा नकाशा मंगळवारी लागू झाला आणि सुलभाबाई धायगुडे यांच्या घराचा हॉल प्रभाग नऊमध्ये गेला, स्वयंपाकघर दहामध्ये. सीमारेषा मधल्या दारातल्या काळ्या फरशीच्या उंबऱ्यावरून गेली होती. शिवप्रभा कॉलनीतल्या त्या ओळीची सातही घरं अशीच कापली गेली. कुणी हरकत घेतली नाही. हरकती घ्यायला मुदत दिलेली होती, पण ती ऐन गणपतीत येऊन गेली.

सुलभाबाईंचे यजमान दिनानाथराव जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. जकात बंद झाली तरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीकडे बघायची त्यांची सवय काही बंद झाली नव्हती. त्यांना नकाशा आवडला.

“एका घराला दोन नगरसेवक,” ते म्हणाले. “आता बघ आपला मान.”

मान वाढला तो हॉलचा. प्रभाग नऊला पप्पूशेठ रणपिसे होते आणि पप्पूशेठना मार्चअखेरच्या आत निधी संपवायचा होता. प्रभागातले चांगले रस्ते उखडून पुन्हा चांगले करून झाले होते. मग त्यांनी हॉल हातात घेतला. आधी पेव्हर ब्लॉक बसवले. जितके ब्लॉक आले तितका हॉल लांब झाला, कारण आणलेला माल परत पाठवायची पद्धत नव्हती. मग सिमेंटची बाकं आली. बाकाच्या पाठीवर पप्पूशेठचं नाव असं कोरलेलं, की टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्यावर ते उलटं उमटे. हायमास्ट दिव्यासाठी छत वर गेलं. शेवटी जॉगिंग ट्रॅक आणि ओपन जिम. दिनानाथराव सोफ्यावर बसून बातम्या बघत, पण हवा ढगाळ असली की टीव्ही दिसत नसे.

एवढी जागा कुठून तरी यायला हवी होती. ती स्वयंपाकघरातून येत होती. सुलभाबाईंनी मनातल्या मनात जमाखर्च मांडला होता : ट्रॅकला फ्रिजची जागा गेली, दिव्याला मिक्सरची, आणि पप्पूशेठच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला डब्यांची अख्खी मांडणी. फ्लेक्स तर नुसता टांगलेला होता. त्याला इतकी जागा का लागावी हे काही त्यांच्या हिशेबात बसेना.

“चहा गार आहे,” दिनानाथराव म्हणत.

“निघाला तेव्हा गरम होता,” सुलभाबाई म्हणत आणि कप घेऊन परतीच्या वाटेला लागत.

प्रभाग दहाला नगरसेवक नव्हता. एक अधिकारी नेमलेला होता. तो फोडणीच्या वासाबरोबर येई आणि वास गेला की जाई. त्यामुळे त्याच्याशी बोलायचं म्हणजे एकीने बोलायचं आणि दुसरीने मोहरी टाकत राहायचं. सातही स्वयंपाकघरांच्या खिडक्या मागच्या बोळात उघडत. एका शुक्रवारी तिथेच सभा भरली. बायका खिडक्यांतून डोकावल्या, रजनी तुपे या नव्या सुनेने कढई तापवली, आणि अधिकारी कमरेपर्यंत दिसू लागला.

“आमच्या ओट्यावर आता एकच शेगडी मावते,” पलीकडच्या मंदाताई उंडे म्हणाल्या. “आमटी उतरवावी तेव्हा भाताचा नंबर. जेवणं चार वाजता होतात.”

“मी पोळी लाटते ती भिंतीला लागते,” रजनी म्हणाली. “लांबट होते. घरचे म्हणतात, ही कुठल्या गावची पद्धत?”

“निधी प्रतिनिधीमार्फत येतो,” अधिकारी म्हणाला. “प्रतिनिधीला आठ रहिवासी लागतात. तुम्ही सात.”

“आणि ही माणसं जेवतात ती कुणाची?” मंदाताई उसळल्या. “ती मोजा की!”

“ती नऊमध्ये मोजली आहेत. एक फोडणी पडल्यापासून तिचा वास जाईपर्यंत जो उंबऱ्याच्या आत राहील तो रहिवासी. मधे उठून गेला तर पाहुणा.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. फोडणी पडल्यावर तिथे थांबलेला पुरुष त्या सातजणींपैकी कुणाच्याही घरात आजवर कुणी पाहिला नव्हता.

“तुमचे पाठवा की, मंदाताई.”

“आमच्यांना दमा आहे. तुमचे धडधाकट आहेत.”

“धडधाकट आहेत म्हणूनच यायचे नाहीत,” सुलभाबाई म्हणाल्या.

रजनीची मोहरी संपली. अधिकारी पायांकडून विरत गेला. गळ्यापर्यंत विरला तेव्हा म्हणाला, “लवकर करा. हा प्रभाग फार दिवस राहील असं दिसत नाही.”

रविवारी सुलभाबाई भात चढवून, शेगडी बारीक करून हॉलकडे निघाल्या. ट्रॅकच्या कडेकडेने चालत राहिल्या. ओपन जिमपाशी कमरेचं यंत्र फिरवत असलेल्या एका गृहस्थाने विचारलं, “वहिनी, इकडे कुठे?”

“घरीच आहे,” सुलभाबाई म्हणाल्या.

दिनानाथराव दुसऱ्या बाकावर होते. ते बाक समितीचे अध्यक्ष झाले होते. बाकावर कोण बसतं ते बघायचं, एवढंच काम होतं, आणि ते त्यांना जमत होतं.

“अहो, एक दिवस आत जेवायला बसा.”

“आत म्हणजे?”

“स्वयंपाकघरात. फोडणीपासून वास जाईपर्यंत. आमचा आकडा भरतो.”

दिनानाथरावांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. “अगं, मी अध्यक्ष आहे. उद्या लोक म्हणतील, धायगुड्यांनी प्रभाग बदलला. शिवाय तुझ्या मिरच्यांचा ठसका लागतो मला.”

“नवरा स्वत:च्या स्वयंपाकघरात गेला म्हणून कोण काय म्हणणार आहे?”

“तुला राजकारण कळत नाही,” म्हणत ते पाठ फिरवून उभे राहिले.

सुलभाबाईंना फक्त नवऱ्याची पाठ दिसत होती. सदऱ्यावर पप्पूशेठचं नाव उलटं उमटलं होतं. दोनदा साबण लावून घासलं तरी ते निघालं नव्हतं.

“पण थांब,” दिनानाथराव म्हणाले. “तुझा विषय मी वरपर्यंत नेतो.” आणि खरोखरच संध्याकाळी हायमास्टखाली प्रभाग नऊची सभा भरली तेव्हा त्यांनी उभं राहून विषय मांडला. सुलभाबाईंना मत नव्हतं. त्यांना बघायला बसू दिलं.

“वहिनींची अडचण ती माझी अडचण,” पप्पूशेठ म्हणाले. त्यांच्या हातात माईक होता आणि तो हातातच राहत असे, जेवतानाही. “त्यांना दहामध्ये ठेवायचंच कशाला? सगळी स्वयंपाकघरं आपण नऊमध्ये घेऊ. सातांचं एक करू. प्रशस्त! ग्रॅनाइटचा ओटा, वर कमान, कमानीवर…”

“नाव,” दिनानाथरावांनी पूर्ण केलं.

“आणि आत्ताची सात आहेत ती?” सुलभाबाईंनी विचारलं.

“पार्किंगला.”

टाळ्या पडल्या.

“त्या ओट्याशी उभं कोण राहणार?”

“टेंडर निघेल.”

“मग आम्ही कुठे जायचं?”

पप्पूशेठनी दिनानाथरावांकडे पाहिलं. अशा प्रश्नांची उत्तरं ते नवऱ्यांना देत. “वहिनींना म्हणावं, कुठेही बसा. एवढी बाकं केली आहेत.”

ठराव एकमताने झाला. भूमिपूजन गुरुवारी, पहिली कुदळ धायगुड्यांच्या उंबऱ्यावर. यजमान म्हणून दिनानाथराव बसणार. ज्याचा विषय त्याला मान, अशी पप्पूशेठची पद्धत होती.

“झालं की नाही तुझं काम?” दिनानाथराव म्हणाले. ते मनापासून खूश होते. बायकोसाठी त्यांनी आजवर एवढं कधी केलं नव्हतं.

सुलभाबाई परतल्या तेव्हा नुसत्या मंजुरीनेच स्वयंपाकघर आणखी आत आलं होतं. त्यांना आडवं होऊन शिरावं लागलं. भात करपला होता.

बोळात पुन्हा सभा भरली. मंदाताईंचं मन ग्रॅनाइटवर गेलं होतं.

“काहीही म्हणा, पुसायला सोपा असतो. आणि दुसरं कुणी रांधणार असेल तर वाईट काय? तीस वर्षं उभी आहे मी.”

“मग तुम्ही बसा बाकावर,” रजनी म्हणाली. “माझा ओटा वीतभर असेल, पण त्याच्यावर काय शिजायचं ते मी ठरवते.”

“तुझी सासू ठरवते.”

“सासू ठरवते आणि मी करते मला हवं ते. बाकावर बसून ते कसं जमेल?”

मंदाताई हसल्या. मग हसायच्या थांबल्या, कारण त्यांची मागची भिंत त्यांच्या अंबाड्याला येऊन लागली होती. “काय करायचं ते लवकर करा बाई,” त्या म्हणाल्या.

“आठवं माणूस मी बसवते,” सुलभाबाई म्हणाल्या. “गुरुवारी पूजेला हे उंबऱ्याशी बसणारच आहेत. मी खोकले की रजनी, तू फोडणी टाक. नुसती मोहरी. मिरची घालू नकोस. ह्यांना ठसका लागला की हे उठतात.”

गुरुवारी गुरुजी आले. उंबऱ्यावर त्यांनी कलश मांडला, सुपारी ठेवली, आणि मग मान वर करून दिशा पाहिली.

“यजमानांचं तोंड पूर्वेला हवं.”

पूर्वेला हॉल होता. म्हणजे पाट उंबऱ्याच्या आत, स्वयंपाकघरात मांडायला हवे होते. दिनानाथरावांनी पप्पूशेठकडे पाहिलं. पप्पूशेठनी फोटोवाल्याकडे पाहिलं. फोटोवाला हॉलमध्ये उभा होता.

“तिकडेच बसू द्या,” फोटोवाला म्हणाला. “चेहरे समोर येतात.”

एवढ्या एका वाक्यावर दिनानाथराव उंबरा ओलांडून आत आले. दोन पाट मांडले आणि स्वयंपाकघर भरून गेलं. सुलभाबाई त्यांच्या उजव्या हाताला बसल्या. डावीकडे दिनानाथरावांच्या खांद्याला भिंत, उजवीकडे सुलभाबाईंच्या.

“किती लहान झालंय हे,” दिनानाथराव हळूच म्हणाले.

“तुम्ही आला नव्हतात ना,” सुलभाबाई म्हणाल्या.

“गाठ मारा,” गुरुजी म्हणाले. पूजेला जोडपं बसलं की नवऱ्याचं उपरणं आणि बायकोचा पदर यांची गाठ मारायची, ती कार्य संपेपर्यंत सोडायची नाही. सहसा सुरगाठ मारतात, एका ओढीत सुटणारी. सुलभाबाईंनी निरगाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक मारली. गुरुजींनी ते पाहिलं, पण दक्षिणा कुणी द्यायची हे अजून ठरलं नव्हतं, म्हणून त्यांनी संकल्प सुरू केला.

सुलभाबाई खोकल्या. शेजारी मोहरी तडतडली. वास आला, पण रजनीच्या खिडकीतून इथवर येईतो फारच सौम्य झाला. ओट्याशी घोटाळला आणि तिथेच राहिला. अधिकाऱ्याचा पत्ता नव्हता. गुरुजींचा संकल्प संपत आला होता. पप्पूशेठनी एका हातात माईक धरला होता, दुसऱ्यात नारळ घेतला. नारळ फुटला की काम सुरू झालं असं धरायचं होतं.

पलीकडे रजनीने कढईकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मूठभर लाल मिरच्या टाकल्या.

अधिकारी एकदम आला, अगदी पायातल्या चपलांसकट. ओट्यावर उकिडवा बसून त्याने मोजायला सुरुवात केली. त्याच क्षणी दिनानाथरावांना ठसका लागला. डोळे भरून आले. सवयीने ते उठायला गेले आणि उपरण्याने त्यांना अर्ध्यावर धरलं.

“सोड,” ते म्हणाले.

“बसा,” सुलभाबाई म्हणाल्या. “वास जाईपर्यंत.”

“अगं, श्वास…”

“मीही घेतेच आहे की.”

“मम म्हणा,” गुरुजी म्हणाले. दिनानाथरावांना म्हणता येईना. ते म्हणेपर्यंत पुढचा मंत्र सुरू करता येत नव्हता, आणि मंत्राशिवाय नारळ फोडता येत नव्हता. पण कामाला मंजुरी होतीच. हॉल लांब होऊ लागला. फोटोवाला मागे गेला, बाकं मागे गेली, पप्पूशेठ माईकसकट मागे जात राहिले. “घाई करा,” असं काहीसं ते माईकवर म्हणाले, पण इथवर आलं तेव्हा ते विझल्यासारखं आलं. उंबऱ्याच्या अलीकडे दोन्ही भिंती तितक्याच जवळ आल्या. पाट एकमेकांवर चढले.

दिनानाथरावांनी गाठ चाचपली. जकात नाक्यावर त्यांनी हजारो गाठोडी उघडून पाहिली होती. गाठ ओळखायला त्यांना बघावं लागत नसे. बोटं तिच्यावरून एकदा फिरली आणि थांबली. ओघळत्या डोळ्यांनी त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“निरगाठ आहे ही,” ते म्हणाले.

“हो.”

ओट्यावर अधिकारी सातापर्यंत येऊन बोट वर धरून बसला होता. वास अजून दाट होता. दिनानाथराव उभे नव्हते आणि बसलेलेही नव्हते. गुडघे वाकलेले, एक पाय उंबऱ्यावर कलशाला लागलेला, आणि त्यांच्यामधलं पदर-उपरणं दोरीसारखं ताठ. मागच्या खिडकीतून मंदाताईंचा हात आत आला, त्याने सुलभाबाईंच्या पदराचं दुसरं टोक धरलं. मग रजनीचा आला, मग उरलेल्या खिडक्यांतून बाकीच्यांचे. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, हायमास्टखाली, मोहरीएवढे पप्पूशेठ नारळ डोक्यावर उचलून उभे होते.